५७ किलोचे पदक, ८६ किलोची गदा

ऑलिम्पिकमध्ये भारताच्या नावावर कुस्तीची ८ पदके आहेत. वजनाच्या क्रमाने मांडली तर ती अशी येतात: ५७, ५७, ५७, ५८, ६०, ६५, ६६, ६६. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड पदकात ९ किलोंचे अंतर आहे, सरासरी ६०.७५ किलो. महाराष्ट्र केसरीची गदा ज्या गटात लढवली जाते त्याची मर्यादा ८६ ते १२५ किलो आहे. ३९ किलोंच्या या पट्ट्यात भारताची ऑलिम्पिक पदके ०.

यादीतले पहिले ५७ खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. तारीख २३ जुलै १९५२, ठिकाण हेलसिंकी, रंग कांस्य. जन्म १५ जानेवारी १९२६, कऱ्हाड तालुक्यातले गोळेश्वर. म्हणजे २०२६ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. उंब्रजहून महामार्गाने कऱ्हाडकडे निघाले की गोळेश्वर साधारण २० किलोमीटरवर येते. या पट्ट्यात खाशाबा कोण, हे कुणाला सांगावे लागत नाही. पारावर विषय काढला की आकडे आपोआप येतात. कुणी ७ हजार रुपये सांगतो, कुणी ७ तास, कुणी १५१ बैलगाड्या. ५७ हा आकडा मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. या लेखात आधी लोकांच्या लक्षात राहिलेले आकडे तपासले आहेत, नंतर न राहिलेला.

पदकाचे वजन समजायला आधी रिकाम्या जागा मोजाव्या लागतात. १९४८ ते २०२४ या काळात स्वतंत्र भारताने ऑलिम्पिकमध्ये ३६ पदके मिळवली. त्यांतली १० हॉकीची, उरलेली २६ इतर खेळांची. या २६ पैकी पहिले १९५२चे आणि दुसरे १९९६चे, अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवलेले. मधे ४४ वर्षे गेली. १९५६ ते १९९२ या १० ऑलिम्पिकमध्ये भारताला ६ पदके मिळाली आणि सहाही हॉकीची होती. त्या २६ पैकी उरलेली २५ पदके १९९६ ते २०२४ या २८ वर्षांतली आहेत. म्हणजे खाशाबांचे पदक एखाद्या मालिकेची सुरुवात नव्हते. ते ४४ वर्षे एकटे उभे होते. कुस्तीपुरते पाहिले तर दुसऱ्या पदकाला ५६ वर्षे लागली: २००८, बीजिंग, सुशील कुमार.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर अंतर आणखी वाढते. राज्यातल्या खेळाडूचे दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक १ ऑगस्ट २०२४ रोजी आले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले. दोन पदकांमध्ये ७२ वर्षे आणि ९ दिवस, म्हणजे २६,३०७ दिवस. दोन्ही कांस्य. आणि दोघांचा धागा कोल्हापूरला जोडलेला: एक राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, दुसरा त्याच जिल्ह्यातला.

आता हेलसिंकी. खाशाबांच्या ५ कुस्त्या झाल्या, ३ जिंकल्या, २ हरल्या. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ हे हरलेले तिघे. पराभव जपानच्या शोहाची इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हकडून. दोन कुस्त्या हरून पदक कसे, असा प्रश्न आजच्या प्रेक्षकाला पडतो, कारण आज बाद पद्धत आहे. तेव्हा वजा गुणांची पद्धत होती. प्रत्येक कुस्तीत निकालाप्रमाणे वजा गुण चढत आणि ठरावीक गुण झाले की मल्ल बाहेर जाई. शेवटी जे तिघे उरले त्यांत इशी सुवर्ण, मामादबेयोव्ह रौप्य आणि खाशाबा कांस्य. ज्या दोघांकडून ते हरले त्या दोघांच्याच गळ्यात त्यांच्या वरची पदके पडली. जपानला त्या संपूर्ण ऑलिम्पिकमध्ये १ सुवर्ण मिळाले, ते इशीचे. सोव्हिएत संघाचे ते पहिलेच ऑलिम्पिक होते.

इथे एक आकडा नेहमी सांगितला जातो: ३० मिनिटे. दोन कुस्त्यांमध्ये मल्लाला एवढी विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. इशीबरोबरची कुस्ती १५ मिनिटे चालली आणि लगेच मामादबेयोव्हसमोर उभे राहायला सांगितले गेले. नियमावर बोट ठेवायला त्या वेळी मॅटजवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे आकडे सांगत नाहीत. पण भारताने त्या ऑलिम्पिकला ६४ खेळाडू पाठवले होते आणि एका मल्लाच्या सर्वांत महत्त्वाच्या अर्ध्या तासात त्याच्या बाजूने बोलायला माणूस नव्हता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला पुढचे काही लिहावेसे वाटत नाही.

त्याच मॅटवर दुसरी एक गोष्ट घडली, ती कमी सांगितली जाते. ६२ किलो गटात कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. दोन मल्ल, दोघेही कोल्हापूरच्या तालमींतले, वजनात ५ किलोंचा फरक, क्रमांक ३ आणि ४. त्या वर्षी हॉकी सोडून भारताचे १ पदक आले आणि दुसरे एका पायरीने हुकले. दोन्ही पंचगंगेच्या काठची. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ हरवले. त्यातले ५ गोल बलबीर सिंग यांचे. खाशाबांचे पदक देशाचे एकमेव ताजे पदक होते ते एक दिवस.

चार वर्षे मागे गेले तर चढण दिसते. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. त्या दौऱ्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तयार केले. मॅटची ओळख तिथेच झाली. तोवरचा सगळा सराव लाल मातीवरचा: ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली माती, पाय रोवला की बोटे आत रुतणारी. मॅटवर पाय रुतत नाही, सरकतो. मातीत कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालायची; मॅटवर घड्याळ आणि गुण होते. त्यांचा हातखंडा डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची, अंग वळवायचे आणि त्याला पाठीवरून खाली आणायचे. ढाकेत उंचीपेक्षा वळण्याचा वेग महत्त्वाचा. मान हाताला लागली की समोरच्याचे वजन त्याच्याच विरुद्ध काम करते. १९४८ ते १९५२ या ४ वर्षांत वजनगट ५ किलोंनी वाढला आणि क्रमांक ३ पायऱ्यांनी वर गेला.

७ हजार रुपये. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी फिरली. मोठी रक्कम आली ती राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांच्याकडून: त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हा आकडा आज कुणाला सांगितला तर तो मान डोलावतो, पण आकाराचा अंदाज येत नाही. म्हणून तीन मापांनी मोजू.

पहिले माप डॉलर. १९५२ मध्ये १ डॉलर ४.७६ रुपयांना होता, म्हणजे ७,००० रुपयांचे १,४७० डॉलर. अमेरिकेतल्या महागाईने ते २०२४च्या सुमारे १७ हजार डॉलरांवर जातात, रुपयांत १४ ते १५ लाख. दुसरे माप सोने. त्या वर्षी १० ग्रॅमचा भाव साधारण ७७ रुपये होता. ७,००० रुपयांत सुमारे ९०० ग्रॅम सोने आले असते. १० ग्रॅमला १ लाख रुपये धरले तर ते ९० लाख होतात. तिसरे माप उत्पन्न, आणि मला तेच खरे वाटते. राष्ट्रीय उत्पन्न समितीच्या अंदाजानुसार १९५०-५१ मध्ये देशाचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २६५ रुपये होते. ७,००० भागिले २६५ म्हणजे २६.४. सरासरी भारतीय माणसाला जेवढे कमवायला २६ वर्षे लागली असती, तेवढे एका प्राचार्याने आपल्या कॉलेजात शिकून गेलेल्या मुलाच्या एका स्पर्धेसाठी गहाण टाकले. १५ लाख आणि ९० लाख यांतला फरक मापाचा आहे. २६ वर्षे हा त्या काळाचाच आकडा आहे, त्यावर आजच्या भावाचे ओझे नाही.

परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. म्हणजे देशाच्या पदकाचा मोठा खर्च अखेर पदक आणणाऱ्याच्याच अंगावर पडला आणि तो त्याने मातीत उतरून फेडला.

७ तास. कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरच्या महादेवाच्या देवळापर्यंतची ही मिरवणूक. अंतर १० किलोमीटर सांगतात. स्टेशन ओगलेवाडीला, कऱ्हाडच्या पूर्वेला. गोळेश्वर कऱ्हाडच्या दुसऱ्या अंगाला. तेव्हा अंतर पटण्यासारखे आहे. १० किलोमीटरला ७ तास म्हणजे ताशी १.४ किलोमीटर. माणूस सावकाश चालला तरी ताशी ४ किलोमीटर जातो. ढोल, लेझीम आणि दर वळणावर ओवाळायला उभ्या असलेल्या बायका धरल्या की हा वेग समजतो.

१५१ बैलगाड्यांचा आकडा मात्र जपून घ्यावा लागतो. काही ठिकाणी शंभरावर गाड्या असे सांगतात, काही ठिकाणी नेमक्या १५१. आपल्याकडे ५१, १०१, १५१ हे देणगीच्या पावतीवरचे आकडे आहेत. शकुनाचा एक वर टाकायची रीत आहे. गाड्या कुणी मोजल्या असतील आणि मग त्या शकुनात बसवल्या असतील, अशी शक्यता मी धरतो. पण १५१ खरे मानले तर बैल ३०२ होतात आणि दर गाडीला मधल्या जागेसह ७ मीटर धरले तर रांग १,०५७ मीटर लांब होते. शंभर मानल्या तरी ७०० मीटर. दोन्ही आकड्यांचा अर्थ एकच: आसपासच्या गावांतल्या बैलजोड्या त्या दिवशी शेतात नव्हत्या. आणि पावसाळा सरता सरता कुळवणी-भांगलणीच्या दिवसांत जोडी मिरवणुकीला देणे म्हणजे रोज बुडवणे. लोकांनी आपला वाटा दिला तो असा, हातातल्या कामातून काढून.

त्या रांगेच्या कडेला उभा असलेला १० वर्षांचा मुलगा २०२६ मध्ये ८४ वर्षांचा आहे. डोळ्यांनी पाहिलेल्यांची संख्या आता दर वर्षी कमी होते. आकडे तोंडी चालत आलेत ते या माणसांमुळे, आणि यापुढे ते कागदावरून चालतील.

लोकांचा सन्मान काही आठवड्यांत झाला. संस्थांचे सन्मान मोजायला वर्षे लागतात. पोलिस खात्यात उपनिरीक्षक म्हणून नोकरी १९५५ मध्ये, पदकानंतर ३ वर्षांनी. १९५६च्या मेलबर्नला जायचे होते, गुडघ्याच्या दुखापतीने राहिले. खात्यात २७ वर्षे सेवा, निवृत्ती सहायक पोलिस आयुक्त म्हणून. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल हाती आली, पदकानंतर ३० वर्षांनी. शिवछत्रपती पुरस्कार १९९३ मध्ये, ४१ वर्षांनी, मरणोत्तर. २००० सालचा अर्जुन पुरस्कार, ४८ वर्षांनी, मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या आखाड्याला नाव २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी, ५८ वर्षांनी. पुढे राज्य सरकारने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला आणि २०२४ पासून तो साजरा होऊ लागला, ७१ वर्षे उलटून गेल्यावर. हयातीत पद्म पुरस्कार मिळाला नाही.

यात अर्जुनचा हिशेब वेगळा काढावा लागतो. हा पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. खाशाबा त्यानंतर २३ वर्षे हयात होते. तेव्हा तो चालू कामगिरीकडे पाहून दिला जाई आणि १९६१ पर्यंत त्यांची स्पर्धात्मक कुस्ती थांबली होती, एवढी बाजू मांडता येते. आयुष्यभराच्या कामगिरीसाठीचा ध्यानचंद पुरस्कार २००२ मध्ये आला, त्यांच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी. नियमात ते कुठेच बसत नव्हते, कारण त्यांच्यासारखा दुसरा माणूसच नव्हता आणि एका माणसासाठी नियम करावा असे २३ वर्षांत कुणाला वाटले नाही. तुलनेला २०२४ घ्या. कुसाळेचे पदक १ ऑगस्टला आले. राज्य सरकारने लगेच १ कोटी रुपये जाहीर केले, रेल्वेने तिकीट तपासनीसाच्या जागेवरून त्याला बढती दिली आणि २०२४च्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत त्याचे नाव होते. पदक ते अर्जुन: एकाला ४८ वर्षे, दुसऱ्याला ६ महिन्यांच्या आत. यंत्रणा सुधारली, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते.

गोळेश्वरमध्ये मात्र वेग वेगळा राहिला. तिथे खाशाबांच्या नावाच्या कुस्ती संकुलाची घोषणा २००९ची. डिसेंबर २०१३ मध्ये १ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. २०१७ मध्ये काम उभे न राहिल्याने कुटुंबावर पदक लिलावात काढण्याची भाषा करण्याची वेळ आली. ज्या घराला ‘ऑलिम्पिक निवास’ नाव आहे त्या घरातून ती भाषा आली.

खाशाबांचा मृत्यू १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात झाला. वय ५८ वर्षे ७ महिने. दोन दिवस आधी, १२ ऑगस्टला, लॉस एंजेलिस ऑलिम्पिक संपले होते. भारताची पदके ०. त्यातच ८ ऑगस्टला पी. टी. उषाचे ४०० मीटर अडथळ्यांतले कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते. ३२ वर्षे एकट्याने धरलेली जागा भरणारे कुणी आले, हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

आता न राहिलेला आकडा. पुन्हा त्या ८ पदकांकडे येऊ. २००७ पर्यंत भारताच्या कुस्तीच्या ऑलिम्पिक पदकांत महाराष्ट्राचा वाटा १ पैकी १, म्हणजे १०० टक्के होता. आज तो ८ पैकी १, म्हणजे १२.५ टक्के आहे. २००८पासूनची सातही पदके हरयाणा आणि दिल्लीच्या मल्लांची: सुशील कुमारची २, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि अमन सेहरावत यांचे प्रत्येकी १. हॉकी सोडून देशाच्या २६ पदकांत कुस्तीची ८, म्हणजे ३१ टक्के. देशाला सर्वाधिक देणाऱ्या खेळांपैकी हा एक, आणि तालमींच्या संख्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या राज्याचे त्यात १९५२चे एक पदक.

खाशाबांच्या नेमक्या गटात, ५७ किलो फ्रीस्टाइलमध्ये, पुढे काय झाले? १९७२ला म्युनिकमध्ये प्रेमनाथ चौथे. त्याच वेळी ५२ किलोत सुदेश कुमारही चौथे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ५७ किलोत रवी दहियाला रौप्य. ९ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५७ किलोत अमनला कांस्य, पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझवर १३-५. तो २१ वर्षांचा होता. त्या कुस्तीच्या आदल्या रात्री त्याने सुमारे १० तासांत ४.६ किलो वजन उतरवले. खाशाबा ४ वर्षांत ५ किलोंनी वर गेले होते. अमन एका रात्रीत जवळपास तेवढाच खाली आला. ५७ किलोचा गट आता असा लढला जातो: मल्लाचे खरे अंग त्याहून मोठे असते आणि काट्यावर उभे राहायच्या वेळेपुरते ते त्या खाचेत बसवले जाते. पॅरिसमध्येच विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅमनी बाहेर गेली. शंभर ग्रॅम म्हणजे लोण्याची एक छोटी वडी.

आपल्याकडे काटा उलट्या दिशेने चालतो. मैदानाच्या कुस्तीत वजनगट नसतात. जोड लावतात ती वस्ताद आणि पंच नजरेने. प्रेक्षक लांबून पाहतो, आणि लांबून दिसते ते अंग. यात्रा जवळ आली की उंब्रजच्या आसपास दुकानांच्या भिंतींवर ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ अशी पत्रके लागतात. रचना ठरलेली. वर देवाचे चित्र, खाली एक नंबरच्या कुस्तीतल्या दोन पैलवानांचे हातभर फोटो, खांद्यापासून कानापर्यंत भरलेले, शेजारी रोख इनाम आणि ते देणाऱ्याचे नाव. मग दोन नंबर, तीन नंबर, फोटो लहान होत जातात. तळाला, छापखान्याच्या नावाच्या वर, एक ओळ: लहान वजनाच्या कुस्त्या मैदानात जोडल्या जातील. ५७ किलोचा मल्ल त्या ओळीत असतो. त्याला फोटो नाही, नाव नाही, इनामाचा आकडाही नाही.

राज्याच्या पातळीवर हेच चित्र नियमांत उतरलेले आहे. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू आहे. त्याच अधिवेशनात ५७ किलोपासूनच्या इतर गटांच्या कुस्त्या माती आणि गादी या दोन्ही विभागांत होतात, हे सांगितले पाहिजे. पण २०२२ला साताऱ्यात झालेल्या स्पर्धेत ५७ किलोत कोण जिंकले, हे मी उंब्रजमध्ये ज्यांना विचारले त्यांच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. गदा कुणी नेली, हे सगळ्यांनी सांगितले: कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील. २०२३च्या पुण्यातल्या स्पर्धेत महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षेसाठी चांदीची गदा, महिंद्राची थार आणि ५ लाख रुपये जाहीर होते. वजनगटांच्या विजेत्यांसाठी मोटारसायकली. तो अंतिम सामना १४ जानेवारीला झाला. दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर खाशाबांचे चित्र लावले. चोवीस तासांत दोन मल्लांना सलाम झाला. त्यातला एक आज हयात आणि तरुण असता तर आदल्या दिवशीच्या गटात त्याला उतरताच आले नसते. किमान वजनाला २९ किलो कमी पडले असते.

वजनदार मल्ल बाहेर जिंकतच नाहीत, असा याचा अर्थ नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्याच्या दोघांनी ४ पदके आणली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर ९७ किलोंवरच्या गटात: ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. कवठे पिरानचे मारुती माने ९७ किलोत: फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. दोघेही हिंदकेसरी, १९६० आणि १९६४चे. १९५९चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, तेही कोल्हापूरच्याच तालमीतले. या तिघांच्या पराक्रमाने कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यात मल्ल म्हणजे कसा दिसावा, हे ठरून गेले. आशियाई सुवर्ण आणि हिंदकेसरी शंभरीच्या घरातल्या अंगाला मिळत होते आणि ऑलिम्पिक कांस्य मिळवणारा ५७ किलोचा माणूस पोलिस ठाण्यात उपनिरीक्षक होता. तालमीतल्या मुलाच्या बापाने यातून काय शिकावे, हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे: खाशाबांचे नाव आपण जपले आणि त्यांचा गट सोडून दिला. हरयाणाने नाव न घेता तो गट धरला. तीन ५७ किलोंपैकी नंतरची दोन तिकडची आहेत, यात योगायोगाचा भाग कमी आहे. १५ जानेवारीला राज्यभर प्रतिमेला हार घालण्याबरोबर त्याच दिवशी ५७ किलोची राज्यस्तरीय कुस्ती ठेवली, तिचे इनाम गदेएवढे ठेवले आणि पत्रकावर फोटो तिचा वर छापला, तर खर्च एका थारच्या आसपास येईल.

गेल्या पावसाळ्यात उंब्रजजवळच्या एका तालमीत सकाळी गेलो होतो. जोर-बैठका संपल्या होत्या, अंगावरची माती वाळून पांढरी पडली होती. कोपऱ्यात दवाखान्यात असतो तसला काटा. एक मुलगा त्यावर चढला, त्याने श्वास धरून खाली वाकून पाहिले आणि तो वस्तादांना म्हणाला, “छप्पन्न आठशे.”

वस्तादांनी मान हलवली. “दूध वाढव. वरीसभरात सत्तरीवर गेलं पायजे, मग जोडीचं बघू.”

मुलगा “व्हय वस्ताद” म्हणाला आणि उतरला. ५७ किलोच्या मर्यादेत तो २०० ग्रॅमनी बसत होता.